कायदा शोधायच्या फुकट साइट्स: कुठली कशासाठी उघडायची आणि फसगत कुठे होते

चेक परत आलेला माणूस मोबाइलवर "138 कायदा" असं टाइप करतो, समोर येईल तो दुवा उघडतो आणि वाचतो की चेक सहा महिन्यांत बँकेत टाकायचा असतो. मजकूर खोटा नाही. परक्राम्य संलेख अधिनियम, 1881 म्हणजे वकिलांच्या बोलण्यातला एनआय ॲक्ट, त्याच्या कलम 138 च्या परंतुकात, म्हणजे कलमाला जोडलेल्या अटींत, आजही सहा महिनेच छापलेत. पण तेवढ्यावर विसंबून चार महिन्यांनी टाकलेला चेक बँक "मुदत संपली" म्हणून परत करेल आणि 138 ची केस उभीच राहणार नाही. कारण त्याच वाक्यात पुढे "किंवा चेकच्या वैधतेच्या मुदतीत, यांपैकी जे आधी असेल ते" असं आहे, आणि ती वैधता रिझर्व्ह बँकेने 4 नोव्हेंबर 2011 च्या परिपत्रकाने 1 एप्रिल 2012 पासून तीन महिन्यांवर आणली. कायद्याच्या पुस्तकात अक्षरही बदललं नाही, मुदत मात्र निम्मी झाली.

कायद्याची माहिती देणाऱ्या साइट्सचं परीक्षण करायला यापेक्षा चांगली कसोटी नाही. म्हणून हेच प्रकरण घेऊन एकेक साइट पारखली आहे: चेक कधीपर्यंत टाकायचा, नोटीस कधी द्यायची, तक्रार कुठल्या कोर्टात करायची, आणि खटला चालू असताना काही रक्कम हाती पडते का. भारतात या सगळ्याची उत्तरं पैसे न देता मिळतात. मात्र मजकूर एका दारात मिळतो, तारीख दुसऱ्या, कोर्टाने लावलेला अर्थ तिसऱ्या, आणि कुठल्याही दारावर "बाकीचं पलीकडे विचारा" अशी पाटी नाही.

मजकुरासाठी पहिलं दार इंडिया कोड. केंद्रीय कायद्यांचा हा सरकारी साठा. पत्ता इंडियाकोड डॉट एनआयसी डॉट इन. कायद्याचं नाव, वर्ष किंवा क्रमांक टाकून शोधता येतं, आणि कायदा उघडला की कलमांची यादी येते. हव्या त्या कलमावर टिचकी मारली की मजकूर खाली उघडतो. इथे घाईने वर वाचून बाहेर पडू नका. खरा ऐवज तळटिपांत आहे. एनआय ॲक्टचं प्रकरण 17 (कलम 138 त्यातच येतं) हे 1988 च्या 66 व्या अधिनियमाने आलं आणि 1 एप्रिल 1989 पासून लागू झालं. नोटिशीची मुदत पंधरा दिवसांवरून तीस दिवसांवर आणि कैद एक वर्षावरून दोन वर्षांवर गेली ती 2002 च्या 55 व्या अधिनियमाने, 6 फेब्रुवारी 2003 पासून. हा सगळा इतिहास त्या बारीक अक्षरांत असतो. जुन्या व्यवहाराचा खटला असेल तर तळटीप हाच निम्मा अभ्यास.

आपल्या चार प्रश्नांपैकी दीड प्रश्न इथे सुटतो. बँकेकडून चेक न वटल्याची माहिती मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस, नोटीस पोहोचल्यापासून पैसे द्यायला 15 दिवस, ते उलटले की एक महिन्यात तक्रार (ही शेवटची मुदत कलम 142 मध्ये आहे, 138 मध्ये नाही, एकच कलम वाचणारे इथे चुकतात). "एक महिना" आणि "30 दिवस" हे वेगळे, हेही लक्षात ठेवा. चेक कधीपर्यंत टाकायचा याचं उत्तर अर्धवट, कारण परिपत्रक रिझर्व्ह बँकेच्या साइटवर अधिसूचनांच्या विभागात आहे, इंडिया कोडवर त्याचा उल्लेख नाही. ज्या कलमात "विहित केलेले", "वैध मुदत", "शासन ठरवील त्याप्रमाणे" असे शब्द दिसतील तिथे बाहेर आणखी एक कागद आहे असं समजूनच चालायचं.

तिथल्या पीडीएफबद्दल एक सवय लावून घ्या. फाइल उतरवली की ती ताजी आहे का हे एखाद्या ओळखीच्या नव्या कलमावरून तपासा. एनआय ॲक्टच्या प्रतीत 143-ए आणि 148 ही 2018 ची कलमं नसतील, तर ती प्रत 1 सप्टेंबर 2018 च्या आधीची. सरळ पुसून टाका. कलमवार पान आणि पीडीएफ यांत फरक दिसला तर दुरुस्ती अधिनियम स्वतः काढून जुळवून पाहण्याला पर्याय नाही. खासगी ब्लॉगवरचे "बेअर ॲक्ट", म्हणजे भाष्य नसलेला कायद्याचा नुसता मजकूर, तर या चाचणीत फारच लवकर गळतात.

कायदा संमत होणं आणि लागू होणं या दोन घटना आहेत, आणि दोन्हींमध्ये काही दिवसांचं किंवा काही वर्षांचं अंतर असू शकतं. कायद्याच्या पानावर वर अंमलाची एक तारीख दिसते. पण सगळी कलमं एका दिवशी लागू होतातच असं नाही. ताजं उदाहरण भारतीय न्याय संहितेचं. 1 जुलै 2024 पासून ती लागू झाली, मात्र फेब्रुवारी 2024 च्या अधिसूचनेत कलम 106 चं पोटकलम (2) वगळलं होतं. अपघात करून पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेचं, ज्यावरून ट्रकवाल्यांनी संप केला होता तेच. संहितेच्या छापील पुस्तकात ते इतर कलमांच्या रांगेत निमूट बसलेलं आहे.

असं काही पडताळायचं तर ई-गॅझेट. केंद्राचं राजपत्र 2015 पासून कागदावर छापणं बंद झालं आणि इलेक्ट्रॉनिक प्रत हीच अधिकृत प्रत झाली. तिथे शोधण्याआधी राजपत्राची रचना माहीत हवी, नाहीतर हजारो फायलींत हरवायला होतं. भाग 2 खंड 1 मध्ये अधिनियम येतात. भाग 2 खंड 3 उपखंड (i) मध्ये नियम, ज्यांच्यावर जीएसआर क्रमांक असतो. उपखंड (ii) मध्ये आदेश आणि अधिसूचना, त्यांच्यावर एसओ क्रमांक. कायदा लागू करणारी अधिसूचना बहुधा या शेवटच्या खणात सापडते. शब्दांवरून शोध अगदी कमकुवत, कारण तो दस्तऐवजाच्या आतला मजकूर वाचत नाही. मंत्रालय आणि तारखेचा पट्टा देऊन शोधा. राजपत्र क्रमांक हाती असेल तर प्रश्नच नाही. आणि ब्राउझरचं "मागे" बटण दाबू नका, साइट पुन्हा पहिल्या पानावर नेऊन ठेवते. एकूण अनुभव पोस्टाच्या जुन्या खिडकीसारखा, पण कागद मिळतो तो अस्सल.

आता महाराष्ट्राचे कायदे. इथे गुंता जास्त आहे आणि मराठी वाचकाला त्याचीच गरज अधिक पडते, म्हणून जरा थांबू.

राज्याच्या अधिनियमांच्या मराठी आणि इंग्रजी प्रती विधी व न्याय विभागाच्या साइटवर आहेत. इंडिया कोडवरही राज्यवार विभाग आहे. दोन्हीकडे ताजेपणाची खात्री नाही, तेव्हा तीच खुणेच्या कलमाची चाचणी इथेही करा. सहकारी गृहनिर्माण संस्थेचा वाद असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या प्रतीत 154 बी-1 ते 154 बी-31 ही 2019 ला आलेली मालिका आहे का बघा. नसेल तर त्या प्रतीवरून सोसायटीच्या सेक्रेटरीशी वाद घालायला जाऊ नका.

दुसरी अडचण नावांची. "मुंबई" नावाने सुरू होणारे बरेच जुने राज्य अधिनियम 2012 मध्ये कायद्यानेच "महाराष्ट्र" झाले: मुंबई पोलीस अधिनियम, 1951 चा महाराष्ट्र पोलीस अधिनियम झाला, कुळकायद्याचंही तसंच. त्याआधीच्या निकालांत अर्थातच जुनं नाव आहे. कुळकायद्यावरचे निकाल नव्या नावाने शोधणाऱ्याला 1948 पासूनचा सगळा खजिना दिसतच नाही. दोन्ही नावांनी शोधा, इंग्रजीत "बॉम्बे" टाकून.

तिसरी अडचण मराठी मजकुराचीच. भारतीय दंड संहितेचं (भादंवि) कलम 498-ए पोलिसांच्या कागदात 498 (अ) असतं, अधिकृत अनुवादात 498-क. जुन्या पुरावा कायद्यातलं इंग्रजी 65-बी हे अधिकृत मराठीत 65-ख. म्हणजे मराठी पीडीएफमध्ये "65-ब" शोधाल तर काहीच हाती लागणार नाही, आणि कलमच नाही असा समज होईल. त्यात बऱ्याच जुन्या फायली युनिकोडपूर्व फाँटमधल्या. त्यांतला मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवला तर अगम्य चिन्हं उमटतात आणि फाइलमधला शोधही चालत नाही. अशा वेळी अनुक्रमणिका बघून पानं उलटायची, दुसरा मार्ग नाही. संज्ञांचं कोडं सुटत नसेल तर भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश शासनाच्या शब्दकोश साइटवर आहे. परंतुक, व्यावृत्ती, अभिखंडित, प्राङ्न्याय असले शब्द तिथे इंग्रजी जोडीसह मिळतात.

मराठी मजकूर कितपत चालतो? राज्याच्या अधिनियमाचा जो इंग्रजी अनुवाद राज्यपालांच्या प्राधिकाराने राजपत्रात प्रसिद्ध होतो, तो संविधानाच्या अनुच्छेद 348(3) प्रमाणे इंग्रजीतला प्राधिकृत पाठ मानतात. केंद्रीय कायद्यांचे मराठी अनुवाद 1973 च्या प्राधिकृत अनुवाद अधिनियमाखाली राष्ट्रपतींच्या प्राधिकाराने राजपत्रात आले तर प्राधिकृत ठरतात. कुणीतरी यंत्राने करून साइटवर टाकलेलं भाषांतर या दोन्हींत बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांची मराठी भाषांतरं मिळतात, वाचायला चांगलीही आहेत, पण प्रत्येकावर सूचना असते की पक्षकाराला समजावं एवढाच त्यांचा उपयोग; प्रमाण पाठ इंग्रजीच.

शासन निर्णयांची साइट मात्र खरोखर वापरण्याजोगी. विभाग, तारीख, शीर्षकातला शब्द, किंवा संकेतांक टाकून जीआर निघतो. संकेतांक 18 अंकी असतो आणि त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या "जीआर"चा संकेतांक आणि वरची तारीख जुळत नसेल तर तिथेच शंका घ्या, आणि संकेतांक साइटवर टाकून पाहा. अस्सल जीआरच्या शेवटी संकेतांकाची ओळ आणि डिजिटल स्वाक्षरी असते. साइटचा मोठा दोष असा की कुठला जीआर पुढे अधिक्रमित झाला, म्हणजे त्याची जागा नव्या जीआरने घेतली, हे ती सांगत नाही. त्यावर उपाय उलटा चालण्याचा: त्या विषयावरचा सगळ्यात नवा जीआर आधी काढा, त्याच्या सुरुवातीला "वाचा" किंवा "संदर्भ" म्हणून जुन्या निर्णयांची यादी असते, तिच्यावरून मागे जा. आणि जीआर हा कार्यकारी आदेश आहे. तो कायद्याच्या कलमाविरुद्ध जात असेल तर कलम टिकतं.

निकाल शोधायचा तर इंडियन कानून. 4 जानेवारी 2008 ला सुरू झालेली ही खासगी, फुकट साइट आज वकील, न्यायालयीन कर्मचारी, विद्यार्थी सगळे वापरतात, आणि कारण उघड आहे: शोध जलद, सर्वोच्च न्यायालय, उच्च न्यायालयं आणि अनेक न्यायाधिकरणं एकाच खिडकीत, आणि निकालातल्या कलमांना व आधीच्या निकालांना दुवे. बहुतेक लोक मात्र तिचा दहावा हिस्साही वापरत नाहीत. चार शब्द टाकायचे आणि आलेल्या हजारो निकालांतले पहिले पाच वाचायचे, असा खाक्या.

नीट शोधायचं तर असं करा. सलग शब्दसमूह दुहेरी अवतरणचिन्हांत घाला. दोन अटी एकत्र हव्या असतील तर इंग्रजी "अँड" लिहिताना शेवटचा डी दोनदा टाका, दोन्हींपैकी एक हवी तर "ऑर"चा आर दोनदा, एखादी वगळायची तर "नॉट"चा टी दोनदा. अक्षरं सगळी मोठी आणि दोन्ही बाजूंना मोकळी जागा. साधं एका अक्षराचं "अँड" टाकलं तर ते शोधशब्दच धरलं जातं आणि निकालांची यादी भरकटते. इंग्रजीत "डॉकटाइप्स" आणि विसर्गासारखं कोलन चिन्ह (:) लिहून पुढे "बॉम्बे" टाकलं की फक्त मुंबई उच्च न्यायालय उरतं. "फ्रॉमडेट" आणि "टूडेट" यांनी तारखेचा पट्टा ठरतो, दिवस-महिना-वर्ष या क्रमाने. शेवटी नव्यात नवा निकाल वर येईल असा क्रम लावा.

आपल्या तिसऱ्या प्रश्नावर हे करून बघा: तक्रार कुठल्या कोर्टात? शोधाच्या वरच्या टोकाला (2014) 9 एससीसी 129 (एससीसी म्हणजे सुप्रीम कोर्ट केसेस ही निकालांची खासगी पुस्तकमालिका) हा 1 ऑगस्ट 2014 चा, तीन न्यायमूर्तींचा निकाल येतो. तो म्हणतो, ज्या शाखेवर चेक काढला तिथल्या कोर्टात जा. असंख्य वेळा उद्धृत झालेला, विस्ताराने लिहिलेला, पटणारा. पण 15 जून 2015 पासून संसदेने कलम 142(2) घालून तो नियम उलटवला: चेक खात्यात जमा करायला दिला असेल तर ज्याला पैसे यायचे त्याचं खातं ज्या शाखेत आहे तिथलं कोर्ट. 2014 च्या निकालाच्या पानावर या बदलाची लाल खूण नाही, असणारही नाही. साइट निकाल दाखवते, तो अजून जिवंत आहे का हे सांगत नाही.

मग कसं ओळखायचं? निकालाच्या वर "साइटेड बाय" म्हणून एक आकडा असतो. त्यावर टिचकी मारा, यादी नव्या क्रमाने लावा, आणि सगळ्यात अलीकडचे आठ-दहा निकाल तरी चाळा. त्या यादीतच पुन्हा "ओव्हररूल्ड", "अमेंडमेंट", "डिस्टिंग्विश्ड" असे शब्द घालून शोधता येतं. अर्ध्या तासाचं काम आहे. न केल्यास समोरचा वकील ते दोन मिनिटांत कोर्टात करून दाखवतो. चौथ्या प्रश्नाचंही असंच. 143-ए खाली चेकच्या रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाईचा आदेश होऊ शकतो. फक्त कलम वाचणाऱ्याला तो हक्क वाटतो. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दुरुस्तीनंतर घडलेल्या गुन्ह्यांनाच हे लागू, आणि मार्च 2024 मध्ये सांगितलं की आदेश देणं कोर्टाच्या विवेकावर आहे, मागितलं म्हणून मिळालंच असं नाही. हे दोन्ही निकाल "साइटेड बाय"च्या वाटेने सहज लागतात.

नव्या फौजदारी कायद्यांनी शोधात आणखी एक सापळा पेरला आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत 482 म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, एफआयआर रद्द करण्यासाठीचे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 482 म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि अंगभूत अधिकार गेले 528 मध्ये. नुसतं "482" शोधलं की दोन्ही विषयांची खिचडी येते. कायद्याचं नाव अवतरणात घाला आणि 1 जुलै 2024 नंतरची तारीख लावा. जुन्या-नव्या कलमांच्या जोड्या बघायला राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचं "संकलन" ॲप पुरेसं आहे. मात्र 1 जुलै 2024 च्या आधी घडलेल्या गुन्ह्याला भादंविच लागते. जोडी बघून कलम बदलून टाकू नका.

इंडियन कानूनवर सापडलेला निकाल कोर्टापुढे ठेवताना मात्र अधिकृत प्रत काढावी. सर्वोच्च न्यायालयाचे एससीआरमधले, म्हणजे सुप्रीम कोर्ट रिपोर्ट्स या अधिकृत मालिकेतले, निकाल 2 जानेवारी 2023 पासून ई-एससीआरवर सर्वांना खुले आहेत, शीर्षटिपांसह (निकालाच्या वर दिलेलं सार) आणि छापील पानांच्या क्रमांकांसह. शोध इंडियन कानूनइतका चपळ नाही, पण न्यायमूर्ती, वर्ष आणि खंडपीठाची संख्या यांवरून गाळता येतं. पाच न्यायमूर्तींचाच निकाल हवा असेल तेव्हा ही सोय मोलाची. उच्च न्यायालयांचे निकाल ई-कोर्ट्सच्या जजमेंट शोध पानावर मिळतात.

2023 पासून तटस्थ क्रमांक, म्हणजे प्रकाशकाचे नव्हे तर कोर्टानेच निकालाला दिलेले क्रमांक, आले, त्याने मोठी डोकेदुखी कमी झाली. सर्वोच्च न्यायालयाचा क्रमांक म्हणजे वर्ष, "आयएनएससी", आणि अनुक्रम. मुंबई उच्च न्यायालयाचा वर्ष, मग "बीएचसी" आणि पीठाची खूण: अपील शाखेला "एएस", मूळ शाखेला "ओएस", नागपूरला "एनएजी", औरंगाबादला "एयूजी", शेवटी "डीबी" असेल तर निकाल दोन न्यायमूर्तींचा. एकल न्यायमूर्तींचा निकाल खंडपीठाविरुद्ध वापरायला निघालेल्याने निदान ही दोन अक्षरं बघावीत.

मग पैसे घेणाऱ्या साइट्स कशासाठी? एससीसी ऑनलाइन, मनुपात्रा यांचा खरा माल दोन गोष्टींत आहे: संपादकांच्या शीर्षटिपा, आणि निकाल उलटला, वेगळा ठरवला, की मान्य झाला हे दाखवणारी खूण. कोर्टाचा मूळ निकाल कुणाच्या मालकीचा नसतो. प्रकाशकाने त्यात घातलेल्या संपादकीय कष्टांना मात्र संरक्षण आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने (2008) 1 एससीसी 1 मध्ये स्पष्ट केलंय. म्हणून त्या टिपा फुकट साइटवर दिसत नाहीत. रोज युक्तिवाद करणाऱ्याला वर्गणी परवडते, आणि फायद्याचीही आहे. एका प्रकरणापुरती गरज असेल तर विधी महाविद्यालयाच्या किंवा बार असोसिएशनच्या ग्रंथालयात चौकशी करा. पूर्ण वर्गणी फक्त मजकूर वाचण्यासाठी घेणं म्हणजे पैसे वाया.

खुद्द केसची स्थिती बघायला ई-कोर्ट्स. सोळा अक्षरांचा सीएनआर, म्हणजे केसचा ओळख क्रमांक, असेल तर काम सेकंदाचं: दोन अक्षरं राज्याची, दोन जिल्ह्याची, दोन अंक न्यायालयाचे, सहा प्रकरणाचे, चार वर्षाचे. नसेल तर पक्षकाराच्या नावाने शोधावं लागतं आणि तिथे इंग्रजी स्पेलिंग जीव खातं. क्षीरसागर, वाघ, चौधरी यांची स्पेलिंगं कारकुनागणिक बदलतात. पूर्ण नाव टाकू नका, खात्रीची पहिली तीन-चार अक्षरंच टाका आणि वर्ष बदलून बघा. दाखल क्रमांक आणि नोंदणी क्रमांक वेगळे असतात, एकाच्या जागी दुसरा टाकला की "नोंद नाही" येतं. प्रकारांची लघुरूपंही समजून घ्या: आरसीएस म्हणजे नियमित दिवाणी दावा, आरसीसी म्हणजे नियमित फौजदारी खटला, आणि 138 ची प्रकरणं महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी एससीसी, म्हणजे समरी क्रिमिनल केस, या नावाखाली. निकालांच्या एससीसी पुस्तकाशी त्याचा काही संबंध नाही, नवख्यांचा घोळ इथे हमखास होतो. तारखेवर टिचकी मारली की त्या दिवशी काय झालं ते दिसतं. ॲपमध्ये साठवलेल्या केसेसची यादी फोनमध्येच राहते. फोन बदलण्याआधी ती निर्यात करून ठेवा. आणि इथून उतरवलेला आदेश वाचायला ठीक, पण जिथे प्रमाणित प्रत लागते तिथे नक्कल विभागात अर्ज करावाच लागतो.

चॅटबॉटबद्दल थोडक्यात. कलमाचा अर्थ सोप्या शब्दांत समजून घ्यायला, शोधशब्द सुचवायला तो बरा. निकालाचं नाव आणि क्रमांक त्याच्याकडून कधीही जसेच्या तसे घेऊ नका. नसलेले निकाल तो अस्सल वाटणाऱ्या क्रमांकांसह रचतो. न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टाने 2023 मध्ये असे बनावट निकाल दाखल करणाऱ्या वकिलांना 5,000 डॉलर दंड केला. प्रत्येक क्रमांक ई-एससीआर किंवा उच्च न्यायालयाच्या पानावर टाका, फाइल उघडा, उद्धृत परिच्छेद त्याच क्रमांकावर आहे का ते डोळ्यांनी बघा.

आणि ज्याला संशोधन नको, फक्त आपल्या हातात काय आहे एवढंच कळायला हवं, त्याने यांतलं काहीच उघडलं नाही तरी चालेल. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा 15100 आणि टेलि-लॉचा 14454 हे दोन फोन क्रमांक आहेत. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 प्रमाणे महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीत असलेले यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळू शकतो. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा लागते. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा प्राधिकरणाकडे, दोन्ही कार्यालयं साधारण कोर्टाच्या आवारातच असतात. जाताना चेकची प्रत, बँकेचा परतीचा मेमो आणि नोटिशीची पोचपावती बरोबर न्या, आणि मेमोवरच्या तारखेपासून तीस दिवस मोजून ठेवा.